सातबाऱ्यावरचा बोजा

यंदा वेदीसमोर ठेवलेल्या भाताच्या लोंब्या विकत आणलेल्या होत्या. पिकाच्या सणाला नव्या भाताची जुडी चर्चमध्ये न्यायची, तिच्यावर आशीर्वाद मागायचा आणि मग चार-चार लोंब्या घरोघर न्यायच्या, ही आमच्या गावची जुनी रीत. माझ्या लहानपणी जुडी कोणाच्या शेतातली, यावरून घराघरांत चुरस लागायची. यंदा ती पालघरकडच्या एका शेतकऱ्याकडून आणली, कारण आमच्या धर्मग्रामात भात लावणारं एकही घर उरलेलं नाही. मिस्सानंतर मी मामांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आशीर्वादाला कुठलाही भात चालतो, बाय."

मला ते लागलं. दुपारी जेवायला त्यांच्याकडेच होते. ओट्यावर बसून जे बोलणं निघालं, ते पुढच्या दोन रविवारीही संपलं नाही. मामांच्या परवानगीने ते इथे लिहिते आहे. त्यांनी मला निरुत्तर केलं त्या जागा गाळलेल्या नाहीत. तशी त्यांची अटच होती.

मामा 71 वर्षांचे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचा लढा उभा राहिला, तेव्हा मामा मोर्चात पुढच्या रांगेत होते. आणि 1994 साली त्यांनीच आपल्या वाडीतली एक एकर जमीन बिल्डरला दिली. आज तिथे तीन इमारती आहेत. मामांकडे उरलं आहे ते 22 गुंठे, एक विहीर आणि कोपऱ्यातलं बावखल. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: बावखल म्हणजे वाडीतलं, पावसाचं पाणी धरून ठेवणारं छोटं तळं. त्यातलं पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरी गोड राहतात. या 22 गुंठ्यांसाठी गेल्या महिन्यात मामांना पुन्हा विचारणा आली आहे. आकडा मोठा आहे.

मी अर्थशास्त्र शिकवते. पोप फ्रान्सिस यांचं 2015 सालचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक मी वर्गात मुलांसमोर ठेवते, कारण निसर्गाचा नाश आणि गरिबाची लूट हा एकच प्रश्न आहे असं इतक्या ठामपणे मांडणारं लिखाण मला दुसरीकडे कमी सापडलं. मामांचं म्हणणं होतं की चर्चने या भानगडीत पडूच नये.

"देवाने माणसाला पृथ्वी दिली, तिच्यावर सत्ता दिली. उत्पत्तीचा पहिलाच अध्याय," ते म्हणाले. "पुढे तिचा भाव काय लावायचा, ती कोणाला द्यायची, हे धर्माने का सांगावं? पोप काही अर्थतज्ज्ञ नाहीत. आणि मालकीचंच म्हणशील, तर चर्चने स्वतः ती मान्य केली आहे. पोप लिओ तेरावे, 1891. आम्ही तरुणपणी अभ्यासमंडळात वाचलंय ते."

त्यांचं बरोबर होतं. ‘रेरुम नोवारुम’ या त्या परिपत्रकात खासगी मालकी हा माणसाचा नैसर्गिक हक्क आहे असं लिओ तेरावे ठासून सांगतात; समाजवाद्यांना उत्तर म्हणून ते तसं लिहिलेलं आहे. 2025च्या मे महिन्यात नव्या पोपनी लिओ हेच नाव घेतलं, तेव्हा त्या परिपत्रकाची आठवण पुन्हा निघाली होती.

"त्याच पत्रात मजुरीबद्दल काय आहे, मामा?"

"मजुराला संसार चालेल एवढी मजुरी द्यावी."

"आणि मजूर कमी पैशांत यायला आपणहून कबूल झाला असेल तर?"

मामा थोडे थांबले. "तरीही द्यावी. कबूल झाला म्हणजे न्याय झाला असं नाही, असं काहीतरी आहे."

ते ‘काहीतरी’ मला फार मोलाचं वाटतं. दोन माणसांनी एका किमतीवर मान डोलावली की पाठ्यपुस्तकातला व्यवहार तिथे पुरा होतो. कॅथलिक शिकवण तिथून पुढे विचारायला लागते: मान डोलावणाऱ्यांपैकी एक जण उपाशी होता का? त्याला नाही म्हणायची सोय होती का? पुढच्या सव्वाशे वर्षांत हा प्रश्न मजुरीवरून जमिनीवर आणि जमिनीवरून पाण्या-हवेवर आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये म्हटलं की पृथ्वीवरची संपत्ती मुळात सगळ्या माणसांसाठी आहे. 1967 मध्ये पोप पॉल सहावे यांनी लिहिलं की खासगी मालकीचा हक्क बिनशर्त नाही. 1979 मध्ये मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाकडे गहाण आहे, आणि ‘लाउदातो सी’ने तोच विचार पुढे चालवला. मामांना मी ते सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलं.

"मालकाच्या रकान्यात तुमचं नाव आहेच. ते कोणी खोडत नाही. पण शेजारी ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो, त्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा चढवतात ना? तसा समाजाचा बोजा तिथे आहे. कर्ज फेडलं की बँकेचा बोजा उतरतो. हा उतरत नाही."

"माझ्या उताऱ्यावर तसलं काही नाही."

"बायबलमध्ये आहे. लेवीयमध्ये इस्राएलला सांगितलंय की जमीन कायमची विकायची नाही, कारण ती देवाची आहे. तुम्ही तिच्यावर पाहुणे. पन्नासाव्या वर्षी ती मूळ घराला परत."

"मग नाबोथचं सांग," मामा म्हणाले. "तो तर मालकच होता, आणि राजापुढेही हटला नाही."

नाबोथची गोष्ट मामांना माझ्यापेक्षा चांगली येते. राजवाड्याला लागून नाबोथचा द्राक्षमळा होता. अहाब राजाला तो भाजीचा मळा करायला हवा होता. बदल्यात दुसरा चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे मोजतो, असं राजा म्हणाला. आजच्या हिशेबाने व्यवहार वाजवी होता. नाबोथने नकार दिला, वाडवडिलांचा वारसा देता येत नाही म्हणाला. मग ईजबेल राणीने खोटे साक्षीदार उभे केले आणि नाबोथला दगडांनी ठेचून मारवलं. चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी या एका नाबोथवर पुस्तक लिहिलं. श्रीमंत माणूस गरिबाला देतो तेव्हा तो दान करत नसतो, गरिबाचं गरिबाला परत करत असतो, असं त्यांचं त्यात म्हणणं आहे. पॉल सहावे यांनी 1967 मध्ये मालकीच्या हक्काला मर्यादा घालताना नेमका त्याच पुस्तकाचा आधार घेतला. म्हणजे मामांना जी गोष्ट मालकी हक्काची वाटते, तीच सोळाशे वर्षं त्या हक्काची वेस दाखवायला वापरली गेली आहे. नाबोथ मळा देत नाही, कारण तो एकट्या त्याचा नाही; त्याच्या आधीच्यांचा आणि नंतरच्यांचाही आहे.

मामा बराच वेळ बावखलाकडे बघत होते.

"नाबोथच्या मळ्याला पाणी होतं, बाय," ते म्हणाले. "तुम्ही मुंबईला शिकत होतात तेव्हा. टँकर सुरू झाले. शेजारच्या वाडीतल्या विहिरीवर मोटर बसली, रात्रंदिवस उपसा. पाणी विकून महिन्याला जे मिळायचं ते आम्हाला वर्षभर केळी काढून मिळत नव्हतं. समुद्र इथून किती लांब? गोडं पाणी उपसलं की खारं आत सरकतं. पहिल्यांदा पानवेल गेली. मग केळीची पानं कडेने करपायला लागली. घड धरायचा, पण बोटं भरायची नाहीत. विहिरीचं पाणी जिभेला लावलं की कळायचं. तिकडे दादरला जळगावच्या केळ्यांचे ट्रक उतरत होते, आमच्यापेक्षा स्वस्त. तुझी मामी पहाटेच्या लोकलने टोपल्या घेऊन जायची, आणि संध्याकाळी अर्ध्या टोपल्या परत. दोन मुलं कॉलेजात. फादर म्हणाले, जमीन विकू नका. मी मान हलवली. पण केळीला भाव कोण देणार होतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोर्च्यांनी जमिनीवरची झाडं वाचवायची भाषा केली आणि ती करायलाच हवी होती. त्या झाडांवर जगणाऱ्या घराचा हिशेब मात्र आम्ही पुरेसा मांडला नाही, असं मला आज वाटतं. पोप फ्रान्सिस यांनी तो मांडला आहे. परिपत्रकाच्या 129व्या परिच्छेदात ते लहान शेतकऱ्याबद्दल लिहितात: बाजारपेठ, वाहतूक, सोयी सगळ्या मोठ्यांसाठी उभारल्या जातात आणि लहान शेतकऱ्याला जमीन विकण्यावाचून गत्यंतर उरत नाही; म्हणून त्याच्या पाठीशी उभं राहणं हे सरकारचं कर्तव्य आहे. मामांना मी तो भाग वाचून दाखवला. त्यांनी चष्मा मागितला आणि स्वतः पुन्हा वाचला.

"हे 1994 मध्ये कोणी म्हटलं असतं तर," ते म्हणाले आणि थांबले.

"मामा, शेजाऱ्याने तुमचं पाणी नेलं, तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात?"

"म्हणालो, अरे, आमची वाडी मरतेय. तो म्हणाला, माझी विहीर आहे."

"बरोबर बोलला का तो?"

"नाही."

"का नाही? त्याची विहीर, त्याची मोटर, त्याचं वीजबिल. घेणारे राजी, देणारा राजी. मघाशी तुम्ही जे म्हणत होतात, आपल्या जमिनीचं काय करायचं हे चर्चने सांगू नये, तेच तर तो म्हणत होता."

"पाणी खालून एकच आहे," मामा जरा मोठ्याने म्हणाले. "विहिरी वेगळ्या, पाणी एकच."

मला कॅथलिक पर्यावरणनीतीचं सार कोणी विचारलं, तर यापुढे मी मामांचं हे बोलणं सांगेन. पिण्याजोगं पाणी मिळणं हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, कारण त्याशिवाय बाकीचे हक्क बजावताच येत नाहीत, असं ‘लाउदातो सी’ म्हणतं. हवामान हे सगळ्यांचं आणि सगळ्यांसाठी आहे, असंही म्हणतं. त्या मोठ्या शब्दांमागे अशीच एखादी खारट झालेली विहीर असते. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली सत्ता माणसाने फार लक्षात ठेवली, आणि दुसऱ्या अध्यायात बाग कसायला व राखायला दिली होती ते विसरला, हा फ्रान्सिस यांचा मुद्दा वाडीवाल्याला समजावून सांगावा लागत नाही. राखणं म्हणजे काय, हे ज्याची वाडी गेली त्याला कळतंच.

दुसऱ्या रविवारी मामांनी आपणहून विषय काढला. आठवडाभर त्यांनी काहीतरी मनात धरून ठेवलं होतं.

"तुझ्या परिपत्रकात निसर्गाबद्दल आहे, तसं गरिबांबद्दल आहे ना?"

"पानोपानी."

"मग समोरच्या इमारतीत कोण राहतं ते बघ. तळमजल्याला एक जण आहे, त्याचे वडील लालबागच्या गिरणीत होते. 1982च्या संपानंतर गिरणी सुटली, खोली सुटली. वरती उत्तर प्रदेशातलं कुटुंब, नवरा रिक्षा चालवतो. तिसऱ्या मजल्यावर एक नर्स, नाईट करून सकाळच्या गाडीने येते. मुंबईने यांना जागा दिली नाही. आम्ही द्यायची नाही. मग त्यांनी जायचं कुठे? आम्ही मोर्चात म्हणायचो, वसई आमची. तेव्हा छाती भरून यायची. आता विचार करतो, आमची म्हणजे कोणाची? 2011च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेत सव्वाबारा लाख माणसं होती. त्यातले आम्ही किती? तुझे पोप म्हणतात, संपत्ती सगळ्यांसाठी. मग ही वसई सगळ्यांसाठी का नाही?"

मी गप्प बसले. लोकसंख्येला दोष देऊन मोकळं होऊ नये, काही थोड्यांच्या हव्यासाकडे बघावं, असं तेच परिपत्रक स्पष्ट म्हणतं. घर नसणं हा पर्यावरणाचाच प्रश्न आहे, असंही त्यात आहे. लोकलमध्ये, लग्नाच्या मांडवात, अगदी चर्चच्या पायरीवरही ‘बाहेरची माणसं’ हा शब्द मी कितीदा ऐकला आहे, आणि कितीदा स्वतः वापरला आहे. हिरवळ वाचवण्याच्या पोटात कधीकधी माणसं दूर ठेवण्याची इच्छा असते. ती ओळखून बाजूला काढल्याशिवाय हरित वसई या शब्दाला ख्रिस्ती म्हणता येणार नाही, हे मला मामांनी शिकवलं. मला ते सोपं गेलं नाही.

पण बोलणं तिथेच संपत नव्हतं.

"घर द्यायलाच हवं, मामा. दिलं कोणी आणि कसं, ते बघू. 2025च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात 41 इमारती पाडल्या. कचरा आणि सांडपाण्याच्या प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवर त्या बांधलेल्या होत्या. खोट्या कागदांवर खोल्या विकल्या गेल्या, आणि आयुष्याची पुंजी घालून त्या घेणारी कुटुंबं रस्त्यावर आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विरारला अनधिकृत इमारत कोसळून 17 माणसं गेली. या बाजारात गरिबाला घर कुठे मिळालं? शेतकऱ्याची वाडी गेली, गरिबाचे पैसे गेले. राहिलं कोणाकडे?"

"मधल्याकडे," मामा म्हणाले.

बाजार वाढू द्या, पाझरत पाझरत ते खालपर्यंत पोचेल, या समजुतीवर फ्रान्सिस यांनी 2013 मध्येच टीका केली होती, तेव्हा अमेरिकेतले काही भाष्यकार त्यांना मार्क्सवादी म्हणाले. जॉन पॉल दुसरे यांनी 1991 मध्ये बाजाराचं महत्त्व मान्य केलं होतं, पण कायद्याच्या आणि माणसाच्या प्रतिष्ठेच्या चौकटीत. वसई-विरारमध्ये ती चौकट इमारतीइतकीच कच्ची निघाली.

मामी आत कोळंबी सोलत होत्या. एवढा वेळ त्या काही बोलल्या नव्हत्या. आता पदराला हात पुसत उंबऱ्यावर आल्या. "तिला कूळकायद्याचं सांगा की," त्या म्हणाल्या. "सारखं माझी जमीन, माझी जमीन. आली कुठून ते सांगा."

मामांनी सांगितलं. त्यांचे वडील, माझे आजोबा, कूळ होते. जमीन दुसऱ्याची, निम्मं पीक खंड म्हणून जायचं. 1948 चा कूळकायदा झाला, पुढे 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणाऱ्याला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. आजोबांनी तलाठ्याकडून आणलेला पहिला उतारा मामांनी अजून पेटीत जपून ठेवला आहे. त्यांनी तो काढून आणला. कागद घडीवर फाटला होता. मालकाच्या रकान्यात नाव येण्याआधी आजोबांचं नाव कितीतरी वर्षं कूळ म्हणून होतं, त्याच बाजूच्या रकान्यात, जिथे बोजा लिहितात.

मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. मोठी जमीन पडीक किंवा लुबाडणुकीची झाली तर समाजाच्या हितासाठी ती मालकाकडून काढून घेता येते, हे पॉल सहावे यांनी 1967 मध्ये लिहिलं, तेव्हा जगातले बरेच कॅथलिक जमीनदार दुखावले होते. आमच्या घराने दहा वर्षं आधी त्याच न्यायाचा भात खाल्ला होता.

उतारा घडी घालता घालता मामा म्हणाले, "लहानपणी आपल्या वाडीवर एक वारली बाई कामाला होती. तिचा नवराही. मी चालायला शिकलो ते तिचं बोट धरून. रहाटाचा बैल तीच हाकायची. बाबांचं नाव कूळ म्हणून लागलं, तिचं कुठेच लागलं नाही. ती कूळ नव्हती, गडी होती. बाबा तिला भात द्यायचे, वर्षाला लुगडं द्यायचे. संसार चालेल एवढं देत होते का, हे मी कधी विचारलं नाही."

ओट्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. पहिल्या रविवारी मजुरीचा प्रश्न मी त्यांना विचारला होता. त्यांनी तो आठवडाभर जवळ ठेवला होता.

त्यानंतर मला नळाचं पाणी आठवलं. वसई-विरारच्या नळाला आज सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं. सूर्या नदीवरचं धामणी धरण झालं ते आदिवासी पट्ट्यातल्या सिंचनासाठी. त्यातलं पाणी शहरांकडे वळू नये म्हणून तिथल्या आदिवासींनी वर्षानुवर्षं विरोध केला. आमच्या विहिरी टँकरने खारवल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या धरणाकडे हात पसरले. बिल्डरपुढे आम्ही नाबोथ होतो. धरणाच्या काठावरून बघितलं तर राजवाडा आमचा दिसतो.

हे मी मामांना म्हटलं, तेव्हा ते चिडले. "म्हणजे आता पाणीही पिऊ नये?"

"प्यायचं. पण इथे पडतो तो पाऊस समुद्रात सोडून तिकडचं मागायचं नाही, एवढं तरी."

"आणि चर्च? चर्चने काय केलं ते सांग." मामा आता माझ्यावर वळले. "व्हॅटिकनचं सांगू नकोस, इथलं सांग."

मी व्हॅटिकनचंच सांगणार होते: 2008 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या काळात तिथल्या मोठ्या सभागृहाच्या छतावर सौर पॅनल बसले, आणि 2024 मध्ये फ्रान्सिस यांनी रोमजवळच्या चर्चच्या जमिनीवर सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला. मामांनी मला तिथे जाऊ दिलं नाही. ज्या चर्चच्या आवारात ते लहानपणी खेळले, तिथली चिंच गाड्या लावायला जागा हवी म्हणून तोडली आणि सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक बसवले. पावसाचा एक थेंब तिथे मुरत नाही. ब्लॉक बसले त्याच रविवारी प्रवचन होतं सृष्टीच्या रक्षणावर. मामांनी सभेत हरकत घेतली होती, ती कोणी ऐकली नाही.

"मग शिकवण खोटी ठरते का?" मी विचारलं.

"शिकवण खोटी नाही. पण चिंच परत येत नाही."

यात मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. परिपत्रक बिशपांनी वाचलं, धर्मगुरूंनी वाचलं, मी वर्गात वाचलं, आणि ब्लॉक बसले. शिकवणीचं वजन जमिनीच्या एका तुकड्यावर ठरतं: आवार, शेत, गच्ची, विहीर. तिथे ती पाळली नाही तर बाकीची पानं शाबूत असून उपयोग नाही. म्हणूनच फादर दिब्रिटोंचं मला मोठेपण वाटतं. ‘सुवार्ता’ मासिकात लिहिणारा, बायबल सोप्या मराठीत आणणारा, पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला हा धर्मगुरू विहिरीच्या आणि टँकरच्या प्रश्नावर रस्त्यावर उतरला होता. ‘लाउदातो सी’ यायला तेव्हा पंचवीस वर्षं बाकी होती. जुलै 2024 मध्ये ते गेले, तेव्हा मामा अंत्यविधीहून आल्यावर दोन दिवस कोणाशी नीट बोलले नव्हते. त्यांनी जमीन विकली त्यानंतर ते फादरांच्या समोर कधी मोकळेपणाने उभे राहिले नव्हते, हे मला मामींनी नंतर सांगितलं.

तिसऱ्या रविवारी मी पोचले तेव्हा मामा ओट्यावर नव्हते. बावखलाच्या काठावर समोरच्या इमारतीतल्या तळमजल्याच्या गृहस्थांबरोबर उभे होते, त्याच, ज्यांचे वडील गिरणीत होते. ते आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. हातात मोजायची टेप होती.

जुलै 2018 मध्ये वसईत पाणी भरलं, कित्येक दिवस वीज नव्हती, रेल्वे बंद होती, तेव्हा त्यांच्या घरात कमरेएवढं पाणी होतं आणि त्यांनी बायको-मुलांसह चार रात्री मामांच्या ओटीवर काढल्या होत्या. इमारतीखालच्या सखल शेतात पूर्वी ते पाणी मावायचं. भराव घातल्यावर ते घरात शिरलं. आणि त्याच इमारतीला दर एप्रिल-मे महिन्यात टँकर मागवावा लागतो. जुलैमध्ये बुडणारं आणि मेमध्ये तहानलेलं, एकच घर.

"गच्ची केवढी आहे तुमची?" मामा त्यांना विचारत होते. "तीनही इमारतींची धरा." मग मला बघून म्हणाले, "पन्हाळीतून सगळं पाणी गटारात जातं. ते बावखलात सोडलं तर? पाच-सहा वर्षांत विहिरीचा खारेपणा उतरेल. विहीर सुधारली तर पंपाने त्यांना वापरायचं पाणी देता येईल. पैसे घ्यायचे नाहीत, फक्त विजेचे."

"आणि ती विचारणा?" मी हळूच म्हटलं. बिल्डरचं पत्र आत बायबलखाली होतं, मी येताना पाहिलं होतं.

"विकणार नाही असं मी म्हटलेलं नाही," मामा म्हणाले. "मुलगा कॅनडात, मुलगी ठाण्याला. मी गेल्यावर इथे केळी कोण लावणार? ते मला माहीत नाही आणि तुझ्या पोपनाही माहीत नाही. पण बावखल बुजवायचं असेल तर आता या तीन इमारतींना विचारावं लागेल. पाइप टाकल्यावर ते एकट्या माझं राहणार नाही. हे मला लिहून दे. वकिलाच्या भाषेत नको, साध्या मराठीत लिही, म्हणजे यांनाही वाचता येईल."

सेक्रेटरींनी टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि ते इमारतीच्या भिंतीकडे चालत गेले. अंतर 31 मीटर भरलं. चार इंची पाइप पुरेल की सहा इंची लागेल, यावर दोघांचं बराच वेळ एकमत होईना. मामा म्हणत होते, जुलैचा पाऊस बघितला आहेस ना, सहाच घाल.